अक्का दोन्ही उपासनांना बसायची

देवपूरच्या आमच्या चर्चला दोन दारं, आणि माझ्या लहानपणीच्या एका वर्षात त्या दोन दारांना दोन वेगळी कुलपं होती. रस्त्याकडच्या मोठ्या दाराला जुनं पितळी कुलूप – मुठीएवढं, हातांच्या घामानं काळवंडलेलं, वैशाखात नुसतं बोट लागलं तरी चटका देणारं. आणि कडुनिंबाकडच्या बाजूच्या दाराला नवं, चकचकीत, ज्याच्यावर दुकानातल्या कागदाचा तुकडा अजून चिकटलेला होता. पितळी कुलूप म्हाताऱ्यांचं. चकचकीत कुलूप तरुणांचं. आत मात्र एकच खोली, एकच सतरंजी, एकच लाकडी क्रूस. आणि दोन्ही किल्ल्या आमच्याच घरात, स्वयंपाकघराच्या चौकटीवर, दोन वेगळ्या खिळ्यांना टांगलेल्या... पितळी कुलपाची किल्ली आबांच्या खिळ्याला, दुसरी शीलाआत्याच्या. आई त्या चौकटीतून आत-बाहेर करताना मान खाली घालायची. ती उंच होती म्हणून, असं मला तेव्हा वाटायचं.

त्या वर्षाआधीचं चर्च मला वासानं आठवतं. पावसाळ्यात ओलसर चुन्याचा आणि कोपऱ्यात उघड्या ठेवलेल्या छत्र्यांचा वास, थंडीत बायकांच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा आणि पेटीतून वर्षातून एकदाच निघणाऱ्या लोकरी शालींतल्या डांबरगोळ्यांचा, उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याचा, घामाचा, आणि उघड्या खिडकीतून येणाऱ्या निंबाच्या मोहराचा – तो कडवट-गोड वास अजून कुठे आला की माझे पाय आपोआप मांडी घालायला बघतात. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, मध्ये आम्ही मुलं. चपला बाहेर. पाळकसाहेब प्रार्थना करायचे, आणि ‘आमेन’नंतरच्या शांततेत सगळ्यांच्या नजरा माझ्या आजोबांकडे, याकोबआबांकडे वळायच्या. गाणं तेच उचलायचे. आधी खाकरायचे, मग डोळे मिटून एक लांब हुंकार द्यायचे, आणि पेटीवाला त्या हुंकारामागून सुरांच्या पट्ट्या चाचपत जायचा. आबा पेटीच्या सुरात गात नसत, पेटीनं त्यांना शोधत यायचं असा रिवाज होता.

ती गाणी आता कुणाला सांगून समजणार नाहीत. आबांच्या वडिलांच्या पिढीनं खेड्यापाड्यांत, शेताच्या बांधावर बसून खानदेशी बोलीत रचलेली ती भजनं... त्यांत देव मोट हाकायचा, दादर ज्वारी राखायला माळ्यावर बसायचा, हरवलेलं वासरू शोधत नाल्यानाल्यानं हिंडायचा. चाल संथ. इतकी संथ, की एका ओळीत मी समोर बसलेल्या बाईच्या पोलक्यावरची सगळी फुलं मोजून घ्यायची. आबांची उभी हयात धुळ्याच्या कापडगिरणीत गेलेली. मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान अर्धे गेले होते, म्हणून ते मोठ्यानं गायचे आणि स्वतःचाच आवाज नीट ऐकू यावा म्हणून सावकाश गायचे. चर्चनं त्यांची ही गती आपली मानली होती. बरीच वर्षं.

शीलाआत्या म्हणजे आबांचं शेंडेफळ. बालवाडीत शिकवायची. नाशिकला तरुणांच्या शिबिराला गेली आणि कीबोर्ड शिकून आली. तिच्याबरोबर नवी हिंदी गाणी आली, टाळ्या आल्या, ढोलकीच्या जागी एक छोटा ड्रम आला, आणि रविवारी दाराशी रेंगाळून निघून जाणारी कॉलेजची पोरं आत येऊन बसू लागली. खरं सांगायचं तर आत्याचा आवाज आबांचाच होता – तोच थोडा नाकात येणारा, वर चढताना किंचित चिरणारा, ऐकणाऱ्याच्या छातीत जाऊन बसणारा. घरात कुणी डोळे मिटून ऐकलं असतं तर त्याला तो एकाच माणसाचा तरुणपणचा आणि म्हातारपणचा आवाज वाटला असता. पण त्या दोघांना ते कधी ऐकू आलं नाही.

मग तो पुनरुत्थानाचा, ईस्टरचा सण. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या गल्लीतले हिंदू, मुसलमान शेजारीही दरवर्षीसारखे दाराशी येऊन उभे होते. प्रार्थना संपली. आबांनी डोळे मिटले, हुंकार दिला, आणि पहिली ओळ उचलली. त्याच वेळी, बहुतेक आधी ठरल्याप्रमाणे, आत्यानं कीबोर्डवर हात ठेवला आणि तरुणांनी दुसरंच गाणं सुरू केलं. आबांना ते ऐकूच आलं नाही, की आलं आणि त्यांनी सोडलं नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. एकाच छपराखाली दोन गाणी चालू झाली. संथ आणि जलद, खानदेशी आणि हिंदी, एकमेकांच्या अंगावरून फरफटत जाणारी... म्हातारे आबांच्या मागून आवाज चढवू लागले, तरुण ड्रम जोरात वाजवू लागले, आणि कुणीही थांबेना. मी मध्ये बसले होते. माझे कान तापले होते, आणि मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. दाराशी उभ्या असलेल्या शेजारणीनं हळूच आपल्या मुलाचा हात धरला आणि ती त्याला घेऊन निघून गेली. ती गेलेली मी पाहिली. देवाच्या घरात भांडण झालं, याची लाज मला त्या वयात कळली नसती; आपल्या घरातलं भांडण बाहेरच्यानं पाहिलं, याची लाज मात्र पुरती कळली.

आबांनीच शेवटी गाणं सोडलं. गीतांचं पुस्तक मिटलं, मांडीवर ठेवलं आणि उपासना संपेपर्यंत त्यावर पंजा ठेवून बसून राहिले.

त्यानंतर बैठका झाल्या, रुसवे झाले, पाळकसाहेब दोन्हीकडे समजूत घालून थकले. ठरलं ते एवढंच – सकाळी लवकर वडीलधाऱ्यांची उपासना, उन्हं चढल्यावर तरुणांची. पहिले लोक मोठ्या दारानं बाहेर पडत, तेव्हा दुसरे बाजूच्या दाराशी उभे असत. बाप आणि मुलगा, सासू आणि सून, अंगणात एकमेकांना ओलांडून जात. आमच्यात भेटल्यावर म्हणायचा ‘सलाम’ही कुणी म्हणत नसे. मधल्या वयाची माणसं आपापल्या सोयीनं वाटली गेली. माझे पप्पा एस.टी.च्या वर्कशॉपात होते, ते रविवारी ड्यूटी मागून घेऊ लागले.

घरी तर त्याहून वाईट. आबा आणि आत्या एकमेकांशी बोलत नव्हते. भांडत असते तर बरं झालं असतं. जेवणाआधी आबा पूर्वीसारखीच प्रार्थना करायचे, सगळे ‘आमेन’ म्हणायचे, पण आत्याचे ओठ मिटलेले असत. आबांना कमी ऐकू यायचं, तरी ते न आलेलं ‘आमेन’ त्यांना ऐकू जायचं. ते डोळे उघडायला एक क्षण जास्त घ्यायचे... आणि मग भाकरी मोडायचे.

या सगळ्यात एकच माणूस असं होतं, जे दोन्ही उपासनांना बसायचं. सोनगीरची अक्का.

अक्का कुणाचीच नात्यानं कुणी नव्हती. नवरा कधीचाच गेलेला, मूलबाळ नाही, सोनगीरच्या किल्ल्याखाली एका खोलीत एकटी राहायची. गावात ख्रिस्ती असं तिचं एकटीचंच घर. दर रविवारी पहिल्या एस.टी.नं धुळ्याला यायची, पांझरेच्या पुलावरून चालत देवपुरात. हिरवं लुगडं, कपाळ मोकळं, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत आम्हा मुलांसाठी भाजलेल्या शेंगा. त्या शेंगांना चुलीच्या राखेचा वास असायचा. चर्च एक होतं तेव्हा ती बायकांच्या मागच्या ओळीत भिंतीला टेकून बसायची. चर्च दोन झालं तेव्हाही ती तिथेच बसली. सकाळची उपासना संपली की बाहेर निंबाखाली येऊन पिशवीतली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खायची, पाणी प्यायची, आणि बाजूच्या दारानं पुन्हा आत जाऊन त्याच भिंतीला टेकायची. तरुणांच्या गाण्यांना टाळी वाजवायची, एक ठोका मागून.

एकदा सकाळच्या उपासनेनंतर आबांनी तिला विचारलं, “अक्का, तुम्ही नेमक्या कुणाकडच्या? एकदा ठरवा.”

अक्कानं भाकरीचा घास खाली ठेवला नाही. “मना देव एकच शे, भाऊ,” ती म्हणाली. “दोन तं तुमी झायात.”

आबांना ते ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असावं. मला वाटतं, अक्काच्या त्या दोन्हीकडे बसण्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी सारखाच चुकीचा लावला. म्हातारे म्हणत, ती हल्ली त्या पोरांच्यात बसते. तरुण म्हणत, ती जुन्यांचीच, आपल्याकडे नुसती सावलीला येते.

पुढच्या वैशाखातली गोष्ट. शाळेला सुट्टी होती. पाळकसाहेब त्यांच्या आजारी आईला बघायला गावी गेलेले. आमची आई पापड लाटायला पलीकडे धुळ्यात मामाकडे गेली होती, पप्पा कामावर. मी ओसरीवर चिंचोके खेळत होते, आबा खाटेवर, आत्या आत मशीनवर बसून बालवाडीच्या मुलांसाठी काही शिवत होती. सकाळीच ऊन असं पसरलं होतं, की रस्त्यावरचा कुत्रा गटाराच्या कडेला पोट टेकून पडला होता. कोपऱ्यावरचे किराणा दुकानवाले रफिकचाचा चपला फटफटवत आले. गल्लीत फोन त्यांच्याकडेच होता.

“आबा,” ते मोठ्यानं म्हणाले, कारण आबांशी सगळे मोठ्यानंच बोलत, “सोनगीरहून फोन होता. तुमच्या अक्का पहाटे गेल्या. दुपारपर्यंत गाववाले घेऊन येताहेत. चर्च उघडून ठेवा म्हणाले.”

आत मशीन थांबली. म्हणजे आत्यानंही ऐकलं होतं. आबांनी मान हलवली, “अरेरे” म्हणाले आणि रफिकचाचांना पाणी विचारलं. ते नको म्हणून निघून गेले.

आता दोघांपैकी कुणीतरी उठेल, असं मला वाटलं. आबा खाटेवर बसून राहिले. थोड्या वेळानं मशीन पुन्हा सुरू झाली, मग पुन्हा थांबली. आबा एकदा उठून चौकटीपर्यंत गेले, तिथं आत्याची पाठ दिसली, आणि ते परत आले. आत्या एकदा पाणी प्यायला उठली, माठाशी उभी राहून ओसरीकडे बघत राहिली, आणि पेला पालथा घालून परत मशीनवर बसली. पुढे कितीतरी वर्षांनी दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं, आणि सांगितलेलं एकच होतं. आबा म्हणाले, मला वाटलं ती म्हणेल, आबा, चला. आत्या म्हणाली, मला वाटलं ते म्हणतील, शीला, चल. अक्का तर त्यांच्याचकडे बसायची ना, असंही दोघांना वाटलं होतं. आणि दोन्ही किल्ल्या त्यांच्यामधल्या चौकटीवर, दोन खिळ्यांना, उन्हाच्या तिरिपीत दिसत होत्या...

दुपार झाली. ऊन ओसरीच्या पायरीवरून आत सरकलं. आई परत आली ती डोक्यावर ओला पदर घेऊन, आणि तिच्या मागोमाग, जवळजवळ धावत, रफिकचाचा.

“आबा, ट्रॅक्टर येऊन उभा आहे. चर्चला कुलूप आहे. लोक उन्हात थांबलेत.”

“कोण लोक?” आईनं विचारलं. रफिकचाचांनी तिला सांगितलं. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं, की सकाळचा निरोप हिच्यापर्यंत पोचलेलाच नाही, आणि ते अवघडले.

आई आधी आबांकडे बघत राहिली, मग चौकटीत येऊन उभ्या राहिलेल्या आत्याकडे. “तुम्हा दोघांना सकाळपासून माहीत होतं?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. आईनं सासऱ्यांना उलट शब्द बोललेला मी त्याआधी ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही. “एका घरात बसून?”

तिनं दोन्ही खिळ्यांवरच्या किल्ल्या काढल्या, पाण्याची कळशी कमरेवर घेतली आणि निघाली. तिच्यामागे आत्या, आत्यामागे आबा, काठी न घेता, अनवाणी... आणि मी.

निंबाखाली ट्रॅक्टर उभा होता. दुपारची सावली झाडाच्या बुंध्याशी गोळा झालेली, त्यात ट्रॉलीचा अर्धाच भाग मावत होता. त्या अर्ध्यात त्यांनी अक्काला ठेवलं होतं आणि स्वतः उन्हात उभे होते. सोनगीरची पाच-सहा माणसं, चार बायका. एक बाई ताडाच्या पंख्यानं अक्काच्या तोंडावर वारा घालत होती, जणू ती झोपली आहे. खालच्या बर्फाच्या लादीचं पाणी ट्रॉलीच्या फटींतून टिपटिप गळत होतं. अक्काच्या अंगावर नवं लुगडं होतं, आणि छातीवर तिचं शास्त्राचं पुस्तक, बायबल, आणि चष्मा. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हातात झेंडूचा हार होता, उन्हानं मलूल झालेला. ते अक्काचे शेजारी. गाव त्यांना नाना म्हणायचं. नानांनी तो हार घातला नव्हता, खालीही ठेवला नव्हता.

आबांना पाहून ते पुढे आले. “भाऊ, आमन्या बायास्नी आंग धोयं, लुगडं नेसाडं,” नाना म्हणाले. “हार घालाना का नही, ते आमले माहीत नही. तुमनी रीत आमले माहीत नही, म्हनीसन आमी थांबनूत.”

आबांना ऐकू आलं नाही. त्यांनी हात कानामागे नेला. नानांनी तेच पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. समोरच्या घरांतून लोक बाहेर आले होते, रस्त्यावरून जाणारे सायकली थांबवून उभे होते, आणि नानांचा तो साधा, तक्रारीचा लवलेश नसलेला आवाज त्या सगळ्यांना ऐकू गेला. आबांना अजूनही कळलं नव्हतं. ते तसेच, हात कानामागे धरून, केविलवाणे, आमच्याकडे बघत होते.

तेव्हा आत्या पुढे झाली. आबांच्या खांद्यावर हात ठेवून तिनं तोंड त्यांच्या कानाशी नेलं. “आबा,” ती म्हणाली, “ते म्हणताहेत, आपली रीत त्यांना माहीत नाही. म्हणून ते आपल्यासाठी थांबले.”

कित्येक महिन्यांतलं तिचं त्यांच्याशी पहिलं बोलणं ते. आबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला, आणि पाहायला नको होता असं मला अजून वाटतं. म्हातारं माणूस लाजेनं लहान होताना दिसलं की मुलानं कुठे बघायचं? मी ट्रॉलीखालच्या मातीतल्या ओल्या डागाकडे बघत राहिले. आबांनी नानांच्या हातातला हार घेतला, नानांच्याच हातात परत दिला, आणि म्हणाले, “घाला, नाना. तुमीच घाला.”

तोवर आईनं दोन्ही दारं उघडली होती. दोन्ही, एकामागून एक. आतली कोंडलेली गरम हवा बाहेर आली. मग तिनं सोनगीरच्या माणसांना ओळीनं पाणी दिलं, आणि ती माणसं ते उभ्यानंच प्याली.

पुढचं सगळं घाईघाईत झालं. आत्या कुणाची तरी लूना घेऊन पोरांना बोलवायला गेली, आबा घरोघर म्हाताऱ्यांना. कबरस्तानातली जमीन मुरमाची, उन्हाळ्यात दगडासारखी. म्हाताऱ्यांना जागा माहीत होती, दिशा माहीत होती, किती खोल न्यायचं ते माहीत होतं, पण टिकाव उचलायची ताकद नव्हती. तरुणांत ताकद होती, आणि त्यांतल्या एकानंही तोवर कबर खणली नव्हती. आबा कडेला उकिडवे बसून हातानं दाखवायचे, पोरं खणायची. सोनगीरची माणसं न सांगता सदरे काढून खड्ड्यात उतरली. नको म्हणायला आमच्यातल्या कुणाची जीभ उचलली नाही.

ऊन उतरल्यावर अक्काला खाली ठेवलं. पाळक नव्हते, मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यानं शास्त्रपाठ वाचला. आबांनी गाणं उचललं – मूठमातीच्या वेळचं जुनं भजन. ‘वाट सरनी, दिन बुडना, बाप दारमा उभा शे...’ दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज फाटला. दिवसभराची तहान होती, ऊन होतं, आणि बाकी जे होतं ते होतं. मागून धरायला म्हाताऱ्यांचे दोन-तीन क्षीण आवाज, तेही विरून गेले. तरुण गप्प उभे होते, कारण त्यांना शब्दच येत नव्हते. नुसता फावड्याचा आवाज राहिला.

“आबा, पुढची ओळ सांगा,” आत्या म्हणाली. त्यांच्या कानाशी जाऊन.

आबांनी ओळ सांगितली, गायली नाही. आत्यानं ती उचलली, त्यांच्याच संथ चालीत. पोरांनी तिच्या मागून म्हटली. आबांनी पुढची सांगितली... असं ओळीओळीनं ते गाणं शेवटापर्यंत गेलं. बोलीतले शब्द पोरांच्या तोंडात चुकत होते, आणि आबा प्रत्येक चुकीला मान हलवत होते, पण थांबवत नव्हते.

निघताना आबांनी नानांपुढे हात जोडले. नाना म्हणाले, “उन्हं उतरनात, भाऊ. आते निंघतस,” आणि ट्रॉलीत जाऊन बसले.

पुढच्या रविवारी सगळं गोड झालं, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. एकच उपासना सुरू झाली हे खरं. आबांनीच म्हाताऱ्यांना तसं सांगितलं आणि बाजूच्या दाराचं कुलूप आत्यानं काढून टाकलं. पण दोन जुनी कुटुंबं रागावून गेली ती परत आली नाहीत, आणि तरुणांतलेही काही पांगले. आबांना ड्रमचा आवाज शेवटपर्यंत सोसला नाही. कानात कापसाचे बोळे घालून ते पहिल्या ओळीत बसायचे, सगळ्यांना दिसतील असे बोळे, आणि तरीही टाळी वाजवायचे – अक्कासारखीच, एक ठोका मागून. शनिवारी संध्याकाळी पोरं आमच्या ओसरीवर येऊन बसायची. आबा त्यांना जुनी भजनं सांगायचे, आत्या पेटीवर सूर शोधायची. कधी दोघं चालीवरून भांडायची. आवाज चढायचे. आई आतून ऐकायची आणि मी पाहायची, तिच्या चेहऱ्यावर समाधान असायचं.

त्यानंतर आबा फार दिवस राहिले नाहीत. शिकवून झाली होती त्यापेक्षा राहिलेली गाणी कितीतरी जास्त होती. ती त्यांच्याबरोबर मुरमाच्या त्याच जमिनीत गेली. अबोल्याचं ते एक वर्ष जर हाताशी असतं... हा हिशोब मी आणि सुरतेला संसार मांडून बसलेली आत्या फोनवर कधी कधी करतो, आणि मग दोघीही विषय बदलतो. देव मोट हाकतो ते गाणं आज कुणालाच पूर्ण येत नाही. मला मधल्या दोन ओळी येतात. आता चर्चमध्ये भिंतीवर पडदा आहे, त्यावर शब्द उमटतात; मूठमातीचं ते भजन पोरं गिटारवर म्हणतात, जरा जास्तच जलद, आणि ‘सरनी’चा अर्थ एकमेकांना विचारतात. मी शाळेत शिकवते, मला ते सांगता येतं – सरली, संपली. तेवढ्यापुरती मी त्यांची म्हातारी माणूस.

गेल्या थंडीत मी सहावीच्या मुलांना घेऊन सोनगीरचा किल्ला दाखवायला गेले होते. मुलं वर चढली. माझे गुडघे दुखत होते म्हणून मी खाली चहाच्या टपरीवर बसले. टपरीवाला पन्नाशीचा, डोक्याला रुमाल बांधलेला. कुठून आलात, विचारलं. मी देवपूर म्हणाले, आणि का कोण जाणे, चर्चचंही सांगितलं.

“आमन्या अक्कानं चर्च,” तो म्हणाला. तो नानांचा मुलगा होता. नाना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मी अक्काबद्दल विचारलं, तो सांगत राहिला – तिची खोली, तिच्या शेंगा, रविवारची तिची एस.टी. मग दुधाखालची शेगडी मंद करत म्हणाला, “आमना गावमा आज बी सांगतस. त्या दिवसले चर्चवाल्यास्नी गाडी वाटमा बिघडनी. नही तं त्या लोक आठेच येणार व्हतात, अक्काले लेवाले.”

इतक्या वर्षांनीही कान तापतात. गप्प बसणं सोपं होतं, पण मला ते जमलं नाही.

“भाऊ, गाडी बिघडली नव्हती,” मी म्हणाले. “आम्ही घरीच होतो.”

“माले माहीत शे,” तो म्हणाला. “ट्रॅक्टर मनाच हातमा व्हता ना.” त्यानं गाळणीतला चोथा झटकला. “परत येतांना नाना बोलनात, गावमा गाडी बिघडनी हाईच सांगानं. अक्कानी इज्जत शे.”

नानांपुढे हात जोडायला आता कुणीच उरलेलं नव्हतं. आबा नाहीत, नाना नाहीत. समोर त्यांचा मुलगा होता, आणि तो माझ्याकडे बघतही नव्हता. कपबशा विसळत त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, “आते तुमनी प्रार्थना एकच व्हस ना?”

“हो,” मी म्हणाले. “एकच होते.”

“बरं शे,” तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी चहा ओतू लागला.